प्लॅटिनमची तार

"आणि ही दुसरी तार काय करते?" मी विचारलं.

"काही नाही, ताई. ती नुसती उभी असते," यास्मिन म्हणाली.

सोमवारी तिचा पीएच.डी.चा व्हायवा होता. शुक्रवारी संध्याकाळी ती आमच्या सांगलीच्या घरी, हॉलच्या भिंतीवर प्रोजेक्टर लावून, मला आपला प्रबंध समजावून देत होती. आईचा तसा नियमच होता. तिच्या हाताखाली पीएच.डी. करणाऱ्या प्रत्येकानं व्हायवाच्या आधी आपलं काम मला सांगायचं. मी मराठीची एम.ए., एका प्रकाशकाची मुद्रितं तपासणारी. "ऋजूला कळलं तर परीक्षकाला कळेल," असं आई सगळ्यांना सांगायची. ह्यात अपमान माझा होता की परीक्षकांचा, ते मला कधीच ठरवता आलं नाही. जखमेच्या पट्टीत घालायचे चांदीचे कण, कापडाच्या सांडपाण्यातला रंग ओढून घेणारी भुकटी, डोळ्यांना न दिसणाऱ्या अशा कितीतरी गोष्टी मी त्या सोफ्यावर बसून ऐकल्या होत्या. समजल्या त्यातल्या निम्म्याच.

यास्मिनचं काम मात्र मला समजलं होतं. पाण्यातून हायड्रोजन काढायचा तर वीज लागते, आणि ती वीज कमी लागावी म्हणून प्लॅटिनमसारखा महागडा धातू लागतो. यास्मिननं त्याच्या जागी उसाच्या चिपाडाचा कोळसा घातला होता. चिपाड बंद भट्टीत भाजायचं, त्याचे अतिसूक्ष्म कण करायचे, ते एका काडीच्या टोकाला लावून ॲसिडच्या बरणीत सोडायचे. नवल पुढंच होतं. हा कोळसा वापरेल तसा सुधारत होता. पहिल्या दिवशी बरा, दोन-तीन दिवसांनी चांगला, आठवड्यानं जवळजवळ प्लॅटिनमच्या तोडीचा. जगात सगळ्या वस्तू वापरून झिजतात आणि ही सुधारते, म्हणून त्या शोधनिबंधाचा बराच गाजावाजा झाला होता. वर्तमानपत्रात आईचा फोटो आला, त्याखाली 'चिपाडातून उद्याचं इंधन'. एक पुरस्कारही जाहीर झाला होता. आणि तो निबंध वाचून कोरियातल्या एका प्राध्यापकांनी यास्मिनला आपल्या प्रयोगशाळेत जागा दिली होती. फक्त महिनाअखेरीपर्यंत पदवी हातात हवी होती. त्यामुळं सोमवारचा व्हायवा पुढं जाऊन चालणार नव्हतं.

"नुसती उभी असते तर ठेवलीत कशाला?" मी म्हणाले.

"करंट फिरायला दुसरं टोक लागतं ना, ताई. ह्या टोकाला आपला कोळसा, त्या टोकाला प्लॅटिनमची तार. सगळे हेच वापरतात."

"प्लॅटिनमला पर्याय शोधायचा, आणि शेजारी प्लॅटिनमच?"

"ते त्या बाजूला असतं. त्याचा संबंध नाही येत. ॲसिडमध्ये ते विरघळत नाही."

"अजिबात?"

यास्मिन कधी अडायची नाही. कवठेमहांकाळहून रोज एस.टी.नं येऊन शिकलेली मुलगी, प्रश्न संपायच्या आत उत्तर देणारी. त्या क्षणी मात्र भिंतीवरचा लेझरचा लाल ठिपका त्या तारेवर नुसता थरथरत राहिला.

"अजिबात म्हणजे... फारसं नाही."

आई स्वयंपाकघराच्या दारात मेथीची जुडी घेऊन उभी होती. तिनं यास्मिनकडं पाहिलं. मग म्हणाली, "पुढची स्लाइड."

शनिवारी मी उठले तेव्हा आई घरात नव्हती. सुट्टीच्या दिवशी ती प्रयोगशाळेत जायची, त्यात नवीन काही नव्हतं, पण डबा ओट्यावर तसाच होता आणि फोन उचलत नव्हती. दुपारी डबा घेऊन मी तिच्या कॉलेजात गेले.

ती संगणकासमोर स्टुलावर बसली होती. शेजारी ती बरणी, त्यात बारीक बुडबुडे. झाकणात प्लॅटिनमच्या तारेच्या जागी एक काळी कांडी होती. टॉर्चच्या जुन्या सेलमधून निघते तशी, कार्बनची. झाकणाच्या भोकात बसावी म्हणून ती घासून गोल केलेली होती आणि वरच्या बाजूला पांढरी टेप नीट गुंडाळलेली.

"जेव आधी," मी म्हणाले.

"ही रेष बघ."

पडद्यावर एक निळी रेष होती, कोळसा सुधारला की वर चढणारी.

"हललेय का?"

"नाही."

"सकाळपासून हललेली नाही. तार असती तर एवढ्यात थोडी तरी चढली असती." तिनं चष्मा काढला. "तार काढून ही कांडी घातली, तर चिपाड नुसतं चिपाड आहे."

मला लगेच उमगलं नाही. तिनं समजावून सांगितलं, अगदी साध्या शब्दांत, पहिल्या वर्षाच्या मुलांना सांगावं तसं. वीज चालू असताना प्लॅटिनमची तार ॲसिडमध्ये विरघळत होती. कणाकणानं, वजनात सापडणार नाही इतकी. ते कण पाण्यातून ह्या बाजूला येत होते आणि कोळशावर जाऊन बसत होते. म्हणून तो रोज सुधारत होता.

"म्हणजे दोन वर्षं आपण..."

"प्लॅटिनमच मोजत होतो," आई म्हणाली. "आणि वर्तमानपत्राला चिपाड सांगत होतो."

तिच्या आवाजात रडू नव्हतं, रागही नव्हता. मीच स्टूल ओढून बसले. अण्णा, माझे वडील, अचानक गेले त्यानंतर आई कितीतरी महिने कॉलेजातून येऊन पर्स मांडीवर घेऊन हॉलमध्ये बसून राहायची. दिवा लावायला विसरायची. मग एकदा ती रेष वर चढली. त्या आठवड्यात आई वेणी घालताना गुणगुणत होती. नंतर एक पोपटी साडी घेऊन आली, विचारलं तर म्हणाली, "सेल होता." तीच रेष आता पडद्यावर आडवी पडली होती.

"यास्मिनला फोन कर," मी म्हणाले.

"कशाला?"

"कशाला म्हणजे? परवा ती हेच सगळं लोकांसमोर सांगणार. तिला कळायला नको?"

आईनं डबा उघडला, भाकरीचा तुकडा मोडला आणि हातातच धरून ठेवला.

तेवढ्यात दारातून आवाज आला, "काय मगदूम मॅडम, शनिवारी पण चिपाडं जाळालाय व्हय?"

हुपरीकर सर आईच्याच विभागातले, तिच्याहून थोडे लहान. अण्णांच्या वेळी दवाखान्यात आमच्याबरोबर बसलेले, त्यामुळं त्यांचं तोंड कुणी धरायचं नाही. सोमवारच्या तयारीला आले होते. मांडववाला, खुर्च्या, नाष्टा. आमच्याकडं व्हायवा म्हणजे लग्नघर असतं. उमेदवाराच्या घरची माणसं नवे कपडे करून येतात, फेटे बांधतात, पेढे वाटतात.

आईनं त्यांनाही ती रेष दाखवली. त्यांनी पाहिली, बरणीकडं पाहिलं, कांडीकडं पाहिलं आणि खुर्चीत बसले.

"आयला," ते म्हणाले. मग माझ्याकडं बघून, "सॉरी हं."

"बोला," आई म्हणाली.

"बोलायचं काय. सोमवार होऊ दे. पोरीला डिग्री मिळू दे, तिला विमानात बसू दे. मग तुम्ही सहा महिन्यांनी दुसरा पेपर काढा. 'चिपाडाच्या कार्बनवर प्लॅटिनमचा सूक्ष्म थर, त्याचे गुणधर्म.' खोटं आहे का त्यात एक अक्षर? नाही. उलट जास्त खरं आहे."

"आणि आधीचा पेपर?"

"त्याला कोण बघतंय? मॅडम, सगळं जग ही तार वापरतंय. तुम्ही एकट्यांनीच काय गळ्यात पाटी बांधून फिरायचं?"

"आणि परवा ती उभी राहून जे बोलेल ते?"

"ते ती खरं समजून बोलेल की! तिला कुठं माहितीय?"

आईनं त्यांच्याकडं असं पाहिलं की मला वाटलं ती आता ओरडेल. पण ती फक्त म्हणाली, "पेढे कुठून सांगितलेत?"

घरी येताना मला वाटलं, आई हुपरीकरांचं ऐकणार. मला तिचा राग आला नाही. उलट बरंच वाटलं, हे आज मान्य करायला हरकत नाही. सोमवार होऊन जाऊ दे, इतकंच माझ्या मनात होतं.

रविवारी तिनं यास्मिनला जेवायला बोलावलं. "उद्या नीट जेवण जायचं नाही तिला," म्हणाली. साधाच स्वयंपाक होता, मुगाची आमटी, मेथीची भाजी, भाकरी, दही. यास्मिन ओढलेल्या डोळ्यांनी आली.

"झोपली नाहीस?" आईनं विचारलं.

"झोपले की, मॅडम. घरी सगळे जागे आहेत. अब्बांनी सूट शिवलाय. अम्मी पुलाव करणार आहे. तुमच्यासाठी कांदा-लसूण न घातलेला वेगळा डबा."

"एवढ्या लांबून? कशाला त्रास?"

"ऐकत नाही ती. जीप ठरवलीय. अख्खी गल्ली येणार आहे बहुतेक. माझा मामू विचारत होता, तिथं शिट्ट्या वाजवल्या तर चालतात का."

मी हसले. आईही हसली. मग भाजी वाढता वाढता म्हणाली, "यास्मिन, प्रबंधात काही राहिलंय असं वाटतं का तुला?"

"नाही, मॅडम."

"बदलावंसं?"

"नाही. म्हणजे... नाही."

"बरणीतली मांडणी जशी आहे तशीच दाखवणार?"

यास्मिननं भाकरीचा घास आमटीत बुडवला आणि बराच वेळ बुडवून ठेवला. "हो, मॅडम. तशीच," ती म्हणाली.

आईनं तिच्या ताटात दही वाढलं. पुन्हा तो विषय काढला नाही. जाताना यास्मिन तिच्या पाया पडली, तेव्हा आईनं तिला उठवून तिच्या पाठीवर थोपटलं, आणि दार लावल्यावर स्वतःशीच म्हणाली, "नाही सांगितलं."

"तू सांगितलं नाहीस," मी म्हणाले. "तिला काय स्वप्न पडणार आहे?"

आईनं ताटं उचलली.

सोमवारी अकराला सभागृह भरलं होतं. पुढच्या रांगेत यास्मिनचे अब्बा, राखाडी सुटात, हात गुडघ्यांवर ठेवून ताठ बसलेले. शेजारी अम्मी, तिच्या मांडीवर पितळी डब्यांची पिशवी. ती खाली ठेवायला तयार नव्हती. मागं मामू आणि गल्ली. बाहेरचे परीक्षक नागपूरचे, डॉ. बोकारे, पांढऱ्या मिश्यांचे, कमी बोलणारे. त्यांनी प्रबंधावर आधीच चांगला अहवाल पाठवला होता. आजचा दिवस तसा उपचाराचाच होता.

यास्मिन छान बोलली. बरणी, तार, कोळसा, वर चढत जाणारी रेष. मला तिच्याकडं बघवत नव्हतं. बोकारेंनी दोन-तीन प्रश्न विचारले, तिनं उत्तरं दिली. मग हुपरीकर सरांनी रिवाजाप्रमाणं विचारलं, "सभेतून कुणाला काही विचारायचं आहे?"

हा भागही ठरलेला असतो. उमेदवार आदल्या दिवशी दोन धाकट्या विद्यार्थ्यांना प्रश्न लिहून देतो, ते उठून विचारतात, तो विचारात पडल्यासारखं करून उत्तर देतो, आणि टाळ्या होतात. एका मुलानं विचारलं. एका मुलीनं विचारलं. हुपरीकर सर आभार मानायला उठले.

"मला विचारायचंय," आई म्हणाली.

मार्गदर्शकानं आपल्याच विद्यार्थिनीला सभेतून प्रश्न विचारल्याचं मी तरी कधी पाहिलं नव्हतं. हुपरीकर सर अर्धवट उठलेले तसेच थांबले. काहीजण हसले, त्यांना वाटलं ती कौतुकाचं काही बोलणार.

"तुम्ही दुसऱ्या टोकाला प्लॅटिनमची तार वापरलीत," आई म्हणाली. इतक्या वर्षांत तिनं यास्मिनला 'तुम्ही' म्हटल्याचं मी ऐकलं नव्हतं. "त्याऐवजी कार्बनची कांडी वापरून पाहिलीत का?"

यास्मिननं टेबलाची कड धरली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. मला आईचा असा संताप आला की मी खुर्चीतून निम्मी उठले. हे घरी विचारता आलं नसतं? काल ती समोर बसून जेवत होती, तेव्हा सांगता आलं नसतं? स्वतःचं नाव वाचवायला ती त्या पोरीला तिच्या आईबापांसमोर उघडी पाडत होती, असंच मला वाटलं.

"सावकाश सांगा," आई म्हणाली. "घाई नाही."

यास्मिननं तिच्याकडं पाहिलं.

"हो, मॅडम," ती म्हणाली. "पाहिलं."

मी खाली बसले.

"मग काय दिसलं?"

"सुधारणा होत नाही." तिचा आवाज फुटला, पुन्हा सावरला. "कांडी घातली की रेष आहे तिथंच राहते. मी तीनदा केलं. वेगवेगळे नमुने घेऊन. तारेतलं प्लॅटिनम विरघळून कोळशावर बसतं. सुधारतं ते प्लॅटिनममुळं. चिपाडामुळं नाही."

"ही कांडी कुठून आणलीत?"

"सेल फोडून काढली. घासली."

बोकारे पुढं वाकले. आता ते विचारू लागले, आणि ते उपचाराचे प्रश्न नव्हते. किती वेळ चालवलं, ॲसिड किती तीव्र, कोळशावर बसलेलं प्लॅटिनम प्रत्यक्ष मोजलं का. यास्मिन उत्तरं देत गेली. पहिल्या तासाभरात ती पाठ केल्यासारखी बोलली होती. आता ती अडखळत होती, फळ्यावर काढत होती, चुकीचं पुसत होती. खडूनं तिची नवी ओढणी पांढरी झाली. मी विज्ञानाची नाही, तरी मला त्यातला फरक दिसत होता.

शेवटी बोकारेंनी विचारलं, "आणि हे प्रबंधात का नाही?"

यास्मिननं हातातला खडू खाली ठेवला.

आई पुन्हा उठली. "प्लॅटिनमची तार मी सांगितली, सर. निबंधाची मुख्य लेखिका मी आहे. तो निबंध मी मागं घेते आहे, आजच कळवते. ह्यांनी जे शोधलंय ते मात्र प्रबंधात यायला हवं, आणि त्यांच्या नावानं यायला हवं."

हुपरीकर सरांनी कपाळाला हात लावला.

बोकारेंनी चष्मा पुसला. "आज मी सही करू शकत नाही," ते म्हणाले. "हे प्रकरण नव्यानं लिहा. मी परत येतो. स्वतः येतो, कागदोपत्री नाही." मग यास्मिनकडं बघून, "पण बोलता तुम्ही छान, मॅडम. दुसऱ्या तासात जास्त."

बाहेर मांडवात कुणाला काय करावं कळत नव्हतं. फेटेवाला फेटा हातात घेऊन उभा होता. यास्मिनचे अब्बा माझ्याजवळ आले.

"ताई, पास झाली का?"

"अजून नाही, काका. थोडं लिहायचं राहिलंय. ते झालं की."

"नापास?"

"नाही. नापास नाही."

त्यांनी थोडा विचार केला. "मग पेढे वाटायचे का थांबायचं?"

"मी तर घाबरलोच की," अम्मी म्हणाली. "त्या मॅडम असं कशाला विचारल्या?"

"जेवायचं," मागून आई म्हणाली. "सगळ्यांनी बसायचं. माझा डबा कुठाय, भाभी?"

अम्मीनं तिच्याकडं जरा वेळ पाहिलं आणि मग पिशवीची गाठ सोडली.

जेवणं चालू असताना आईनं यास्मिनला आपल्या केबिनमध्ये बोलावलं. मी आधीच तिथं बसले होते, भांडायला.

"हे घरी विचारता आलं नसतं का?" मी म्हणाले.

"काल तीनदा विचारलं."

"सरळ सांगायचंस, मला कळलंय म्हणून."

"मग ती आज माझं पाठ करून म्हणाली असती. शोधलं तिनं आणि सांगितलं मी, असं झालं असतं. आणि लोक म्हणाले असते, हिनं लपवलं होतं, बाईंनी पकडलं." आई माझ्याशी बोलत होती, पण बघत होती दारात उभ्या यास्मिनकडं. "शुक्रवारी तू अडखळलीस, तेव्हाच मला शंका आली. शनिवारी मी कांडी करायला बसणार, तर तुझ्या कप्प्यात तयार कांडी. माझ्याच बरणीच्या मापाची. ॲसिडनं खाल्लेली."

यास्मिन मान खाली घालून उभी होती.

"आज तू 'नाही पाहिलं' म्हणाली असतीस तर मीच सांगणार होते सगळं," आई म्हणाली. "पण दोन दिवस मी एकच विचार करत्येय. माझ्या हाताखाली पाच वर्षं काढलेल्या मुलीला एवढी मोठी गोष्ट सापडते, आणि ती मला सांगायला घाबरते. मी काय केलं गं असं? ओरडले होते का कधी?"

"नाही, मॅडम."

"मग? कोरिया जाईल म्हणून?"

"ते पण होतं." ती खरं बोलत होती. "पण ते नंतर. मला कळलं तेव्हा कोरियाचं काही नव्हतं."

"मग घाबरलीस कशाला?"

"घाबरले नव्हते."

"मग का नाही सांगितलंस?"

यास्मिननं ओढणीच्या टोकानं डोळे पुसले, तो खडू डोळ्यांत गेला, आणि ती दोन्ही डोळे मिटून म्हणाली, "तुम्ही खुश होता, मॅडम."

आईनं हातातला पेन खाली ठेवला.

"मगदूम सर गेल्यावर तुम्ही यायचात आणि खुर्चीत बसून राहायचात. आम्ही काही विचारलं तर 'उद्या बघू.' मग ती रेष वर गेली. तुम्ही त्या दिवशी सगळ्यांना वडापाव खायला नेलंत, आठवतं? रस्ता ओलांडताना माझा हात धरून पळालात. महिन्याभरानं मी कांडी घालून बघितलं. मला वाटलं, आज नको. मग वाटलं, डिग्रीनंतर. मग वाटलं, तिकडं पोचल्यावर मेल करीन. सांगायचा दिवसच सापडेना."

मांडवातून भांड्यांचा आवाज येत होता. आई खुर्चीतून उठली, मेजाला वळसा घालून गेली आणि आपल्या पदरानं यास्मिनच्या डोळ्यांतला खडू काढू लागली.

"मी खुश असले म्हणून प्लॅटिनम विरघळायचं थांबतं का, बाळ?" ती म्हणाली.

यास्मिन रडता रडता हसली. "नाही, मॅडम. मी तीनदा बघितलं."

कोरियाची जागा गेली. त्या प्राध्यापकांचं सभ्य पत्र आलं, ते थांबू शकत नव्हते. आईचा पुरस्कार रद्द झाला. काही दिवस शहरात तिला 'चिपाडवाल्या बाई' म्हणत, मग तेही थांबलं. यास्मिनला पदवी मिळाली ती पुढच्या वर्षी. बोकारे खरोखर स्वतः आले, आणि मामूनं शिट्टी वाजवून घेतली. आता ती पुण्यात एका संशोधन संस्थेत आहे. आई ह्या माघात गेली, तेव्हा यास्मिनचा फोन आला. ती खूप रडली, मी ऐकत राहिले. शेवटी तिनं विचारलं, "ताई, तुम्ही जेवलात का?" तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी जेवले नव्हते.

पण त्या सोमवारचं मला जे आठवतं ते व्हायवाचं नाही. दुपारी मी आईला गाडीवर मागं बसवून घरी आणत होते. तिचं रस्त्याकडं लक्ष नव्हतं. मला वाटलं, निबंध मागं घेतल्याचं मनात असेल. विश्रामबागच्या चौकात सिग्नल लागला.

"ऋजू," ती मागून म्हणाली.

"हं."

"मी खुश आहे, हे एवढं दिसत होतं?"

"हो."

"तुलाही?"

"मला काय, दूधवाल्यालासुद्धा."

शेजारी एक ट्रॅक्टर उभा होता, त्याच्या धडधडीत पुढचं मला नीट ऐकू येईना. मी मान मागं वळवली.

"काय म्हणालीस?"

"मी लपवत होते गं," आई म्हणाली. "अण्णांना जाऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं. मला लाज वाटायची."

सिग्नल सुटला. मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवू लागला तरी मला गाडी पुढं घेता येईना.